ओट्यावरचे सल्ले आणि आपलं काम

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतील महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



मला बोलायला सांगितलं तेव्हा 'कुटुंब आणि स्त्री' असा विषय दिला होता. विषय मोठा आहे आणि त्यावर आपण सगळ्याजणींनी शिबिरांत पुष्कळ ऐकलंय. म्हणून मी त्यातला अगदी रोजचा, घरगुती भाग निवडलाय. मूल रात्रभर खोकतंय तर काय करायचं, पोरगं शाळेत जायला रडतंय तर काय करायचं, सुनेला दूध येत नाही, पोरीला पाळी लवकर आली, पगार वीस तारखेलाच संपतो, मालक पिऊन येतात – अशा वेळी आपण शेजारणीला विचारतो आणि शेजारीण आपल्याला सांगते. हे जे एकमेकींना सांगणं आहे, त्याबद्दल मी आज बोलणार आहे.

याला कुणी काम म्हणत नाही. पुरुष त्याला 'बायांच्या चकाट्या' म्हणतात. आपण कार्यकर्त्यासुद्धा बैठक सुरू करताना म्हणतो, "चला, गप्पा पुरे, आता विषयाला येऊ." गेली काही वर्षं मी या दोन तालुक्यांत गावोगावच्या बैठकांना बसते आहे. माझा अनुभव असा, की वहीत ठराव लिहून झाला, बचतीचे पैसे मोजून झाले, पिशव्या उचलल्या, की मग दारात उभं राहून अर्धा तास जे बोलणं होतं, त्यात बाईचं खरं दुखणं बाहेर पडतं. बैठकीच्या इतिवृत्तात त्यातलं काहीच येत नाही.

आपला भाग आठवून बघा. शिरूरकडे रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर, कोरेगाव भीमा हा कारखान्यांचा पट्टा. तिथल्या चाळींत मराठवाड्यातली, विदर्भातली, उत्तर प्रदेश-बिहारमधली जोडपी एकेका खोलीत राहतात. सासू नाही, आई नाही, जाऊ नाही. बाळ पहिल्यांदा तापलं की विचारायचं कुणाला? शेजारच्या खोलीतल्या बाईला. दौंडकडे रेल्वेचं जंक्शन. तिथं रेल्वेच्या ड्यूटीवर आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या बंदोबस्तावर घरातला माणूस दिवसेंदिवस बाहेर. घर, पोरं, म्हातारी माणसं, शाळेची फी, दवाखाना सगळं एकटीवर. भीमेच्या आणि घोडच्या काठाला ऊस. दिवाळीच्या सुमाराला बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीचे कोयते येतात आणि फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. त्या कोपीतली बाळंतीण कुणाला विचारते? शेजारच्या कोपीतल्या बाईला. म्हणजे बाई कुठलीही असो, तिच्या हाताशी पहिली येते ती दुसरी बाईच. अंगणवाडी, उपकेंद्र, शाळा, पोलीस ठाणं हे सगळं त्यानंतर.

आणि हे आजचं नाही. शिरूर तालुक्यातच घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून बरीच वर्षं तिथं खोदकाम केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती तिथं सापडली. घरांच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली होती. मातीचे दोन कुंभ तोंडाला तोंड लावून ठेवलेले आणि आत मूल. गावाबाहेर नेली नाहीत, घरातच ठेवली. त्या घरांतल्या आयांनी एकमेकींना काय सांगितलं असेल ते आपल्याला कळणार नाही. पण मूल जगवण्याची काळजी आपल्या या मातीत किती जुनी आहे, ते त्या कुंभांवरून दिसतं.

आता या सल्ल्यांकडे जरा तपासून बघू. सगळे चांगले नाहीत आणि सगळे वाईटही नाहीत.

आधी चांगल्याबद्दल. रांजणगावच्या एका चाळीत परभणीची एक आणि यवतमाळची एक अशा दोघी शेजारी राहतात. दोघी कंत्राटावर कामाला. एकीची पहिली पाळी, दुसरीची दुसरी. एकमेकींची पोरं त्या सांभाळतात. पोरांना काय चालतं, कुणाला दूध पचत नाही, कुणाला झोपताना कुठलं गाणं लागतं, हे दोघींना पाठ. हे कुणी शिकवलेलं नाही. पाण्याच्या नळावर बोलता बोलता ठरलेलं आहे. बांधावरची तांदुळजाची, घोळीची भाजी कशी करायची, लोहाच्या गोळीवर चहा न पिता लिंबू-पाणी प्यायचं, शाळेतून आलेल्या पोराला "आज काय शिकवलं?" असं न विचारता "आज कुणाबरोबर खेळलास?" असं विचारलं की ते बोलायला लागतं – असं कितीतरी मी बायांकडूनच शिकले. माझ्या एम.एस.डब्ल्यू.च्या पुस्तकांत त्यातलं थोडंच होतं.

अशा साध्या सांगण्यात किती ताकद असते, त्याची दोन मोठी उदाहरणं आहेत. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचं पाणी पिंपात कालवून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांना ते पाजायला सांगितलं. मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. डॉक्टर सगळ्यांपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. आया, बहिणी, मावश्या पोचल्या. आपण आज जलसंजीवनीचं पाकीट देतो ते तिथून आलं. दुसरं आपल्याच महाराष्ट्रातलं, गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली ते निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी दीड महिन्यात सहा-सात वेळा येते, त्यामागे हे काम आहे.

म्हणजे बाईनं बाईला सांगण्याला कमी लेखू नका. पण म्हणूनच चुकीचं सांगितलं तर त्याचीही ताकद तेवढीच असते.

जुलाब झालेल्या लेकराला "पाणी नको पाजू गं, आणखी पातळ होईल" असं सांगणाऱ्या काकू अजून प्रत्येक आळीत आहेत. लेकरू जुलाबानं मरत नाही, अंगातलं पाणी गेल्यानं मरतं. अंगावरचं दूध चालू ठेवायचं, एक लिटर पाण्यात एक पाकीट जलसंजीवनी कालवून थोडी थोडी पाजायची, कालवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही, झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पुऱ्या करायच्या. लेकरू सुस्त पडलं, पिईना झालं किंवा शीतून रक्त गेलं तर तडक दवाखाना. एवढं पाठ करून घरी गेलात तरी आजची बैठक वाया गेली नाही असं मी म्हणेन.

तसंच गुटीचं. सहाणेवर वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड उगाळून पहिल्या महिन्यापासून बाळाला चाटवतात. जन्मल्याबरोबर मध चाटवतात. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको, हे आता जगभर मान्य झालंय. मध तर वर्षाच्या आत देऊच नये. पण आपण आशाताई किंवा कार्यकर्ती म्हणून जातो आणि सासूला म्हणतो, "हे अडाणीपण आहे, बंद करा." तिथंच सगळं बिघडतं. त्या सासूनं चार पोरं याच गुटीवर वाढवलीत असं तिला वाटतं. एखादं गेलंही असेल, त्याचं दुःख ती कुणाशी बोललेली नाही. तिच्या हातात घरातला एवढाच एक अधिकार आहे आणि तो आपण सुनेदेखत काढून घेतो. मग ती सुनेवर राग काढते. मी अलीकडे असं करते, की सासूलाच विचारते, "आत्याबाई, तुमच्या बाळंतपणात तुम्हाला काय काय खायला दिलं?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "कुठलं खायला? दोन घास कमीच. पोट मोठं झालं तर बाळंतपण अडतं म्हणायची आमची सासू." मग तीच सांगते, की तेव्हा चक्कर यायची, दूध कमी पडायचं. सुनेला पोटभर वाढा हे मला वेगळं सांगावं लागत नाही. आणि गुटीऐवजी बाळाला आंघोळीनंतर गुंडाळून घेणं, छातीशी धरणं, अंग चोळणं यात आत्याबाईंचा हात सगळ्यांत चांगला असतो. ते काम त्यांना मानानं द्यावं.

आता जास्त अवघड सल्ल्यांकडे येते. "अंगावरून जातंय? पिशवी काढून टाक, कायमची कटकट मिटेल." हा सल्ला आपल्याकडे तिशीतल्या बाईलाही दिला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेली हे २०१९ साली उघडकीला आलं. राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. त्याच बाया दर हिवाळ्यात आपल्या शिवारात ऊस तोडत असतात. त्या एकमेकींना असा सल्ला का देतात? पाळीच्या दिवसांत मोळी उचलायची, फडात आडोसा नाही, पाणी नाही, एक दिवस बसलं की खाडा कापला जातो आणि उचल अंगावर राहते. अशा वेळी पिशवी काढणं तिला शहाणपणाचं वाटतं. सल्ला देणारीचा हेतू वाईट नसतो. तिला दुसरा रस्ताच दिसत नाही. लहान वयात पिशवी गेली की पुढं हाडं ठिसूळ होतात, अंगातली ताकद जाते, हे आपण सांगायलाच हवं. पण तेवढंच सांगून थांबलो आणि खाड्याबद्दल, फडातल्या संडासाबद्दल, मुकादमाच्या उचलीबद्दल गप्प बसलो, तर ती बाई ऐकून घेईल आणि पुढच्या वर्षी दवाखान्यात जाईल.

इथं मला आजचा मुख्य मुद्दा मांडायचा आहे. आपले बहुतेक सल्ले एका जागी येऊन संपतात – बाईनं काय करावं. तिनं लवकर उठावं, तिनं पोराचा अभ्यास घ्यावा, तिनं काटकसर करावी, तिनं गोड बोलून मालकाला वळवावं, तिनं सांभाळून घ्यावं. सल्ला जितका चांगला तितकं तिचं काम वाढतं. नळाला पाणी नाही म्हणून पाणी साठवायच्या दहा युक्त्या आपण एकमेकींना देतो; पाणी का नाही हे विचारायला ग्रामपंचायतीत जात नाही. पाळणाघर नाही म्हणून दोघी मिळून पोरं सांभाळतात. त्या दोघींचं मी मघाशी कौतुक केलं आणि पुन्हा करते. पण ५० किंवा अधिक कामगार असतील तिथं पाळणाघराची सोय असली पाहिजे अशी तरतूद २०१७ साली कायद्यात आली. त्या चाळीत ही गोष्ट माहीत असलेली एकही बाई मला भेटली नव्हती. दुपारी अंगणवाडी बंद झाल्यावर दुसऱ्या पाळीच्या बाईनं मूल कुठं ठेवायचं, हा तिचा खाजगी प्रश्न आहे असंच सगळे धरून चालतात.

दौंड तालुक्यात केडगाव आहे. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथं आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी, निराधार मुली त्यांनी आपल्याकडे आणल्या आणि तिथंच त्यांचं काम वाढलं. १९२२ साली त्या तिथंच वारल्या. त्यांच्या आयुष्यातलं एक वर्ष आपल्या विषयाच्या दृष्टीनं फार बोलकं आहे. १८८२ साल. रमाबाई चोविशीच्या, नवरा नुकताच गेलेला, पदरात तान्ही मनोरमा. त्या वर्षी पुण्यात येऊन त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं. बायांनी शिकावं कसं, घर कसं चालवावं, मुलं कशी वाढवावी, याचे त्यात सल्ले आहेत. सूर असा, की बाईनं आपणच आपल्याला सुधारावं. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढं त्यांची साक्ष झाली. तिथं त्यांनी सरकारकडे मागणी केली, की स्त्री-शिक्षिका तयार करा, बायांना डॉक्टर होऊ द्या, कारण बाया पुरुष डॉक्टरला दुखणं सांगत नाहीत आणि मरतात. एकाच बाईनं, एकाच वर्षी, बायांना सल्लाही दिला आणि सत्तेपुढं मागणीही ठेवली. आपल्या गटांत पहिलं काम रोज चालतं. दुसरं अजून क्वचित होतं.

ते कसं होऊ शकतं याचं आपल्याच भागातलं एक उदाहरण सांगते. गावाचं नाव सांगत नाही.

शिरूर तालुक्यातलं बागायती गाव, घरं मळ्यांत विखुरलेली. बचत गटाच्या बैठकीनंतर एका आईनं विचारलं, "पोरीला सोळावं सरतंय. दहावी झाली. स्थळ चांगलं आलंय, हुंडा मागत नाहीत. काय करू?" पाच-सहा जणी एकदम बोलल्या. "असं स्थळ पुन्हा येत नाही." "उरकून टाक बाई, जबाबदारीतून मोकळी हो." मी कायद्याचं सांगितलं, अठरा वर्षांचं सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. त्यातून काही होणार नाही हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मग एक म्हातारी विधवा बाई बोलली. तिनं एवढंच विचारलं, "अगं, पोरगी कॉलेजला गेली तर तुला नेमकं भ्या कशाचं वाटतं?"

आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "फाट्यापासून मळ्यापर्यंतचा रस्ता. दोन्ही बाजूंनी ऊस. थंडीत सहालाच अंधार. गाडीवरची पोरं थांबलेली असतात. आणि बिबट्या."

बिबट्याची भीती ही आपल्याकडे बोलायची गोष्ट राहिलेली नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेडला लहान मुलांचे जीव गेले. तेव्हापासून प्रत्येक घरात सल्ले चालू आहेत. पोरं अंगणात ठेवू नका, वाकून गवत कापू नका, दिवस मावळायच्या आत घरात या, रात्री परसाकडे एकट्या जाऊ नका. सगळे सल्ले खरे आहेत आणि सगळे बाईनं पाळायचे आहेत. त्या रात्री गटाला पहिल्यांदा दिसलं, की लग्नाचा प्रश्न म्हणून जो पुढं आला होता तो रस्त्याचा आणि उजेडाचा प्रश्न होता.

पुढं काय झालं ते जसं झालं तसं सांगते. त्याच मळ्यांतल्या पाच मुली अकरावीला जाणार होत्या. मोठ्या माणसांपैकी दोघांनी आळीपाळीनं फाट्यावर जाऊन त्यांना आणायचं ठरलं. पाळ्या लावताना सगळी नावं बायांचीच आली. मग वाद झाला. "संध्याकाळी धारा कोण काढणार, भाकरी कोण टाकणार?" शेवटी बापांची नावं घातली. दोन बापांनी पहिला आठवडा टाळला. तिसऱ्या आठवड्यापासून ते आले. आता चहाच्या टपरीवर लवकर जाऊन बसतात, मुलींची वाट बघतात आणि आपसात पोरींच्या परीक्षेबद्दल बोलतात. रस्त्याकडेचा ऊस चार फूट मागं लावावा म्हणून तीन शेतकऱ्यांशी बोलणं झालं, दोघांनी ऐकलं. ग्रामपंचायतीकडे दोन ठिकाणी दिवे मागितले. तिसऱ्या अर्जानंतर एक लागला. शेतीला दिवसा वीज द्या, म्हणजे रात्री पाणी धरायला कुणाला उसात शिरावं लागणार नाही, ही मागणी आधी फक्त पुरुष करत होते. त्या निवेदनावर आता बायांच्या सह्या आहेत. ते स्थळ गेलं. मुलगी बारावीला आहे.

पण पाचांतली एक मुलगी त्या उन्हाळ्यात लग्न होऊन गेलीच. तिची आई गटात नव्हती. ती मजुरीला जाणारी, महिन्याचा हप्ता भरणं तिला जमत नव्हतं. म्हणजे पैसे भरता येत नाहीत म्हणून ती बचतीबाहेर राहिली आणि बचतीबाहेर म्हणून सल्ल्याबाहेरही. तिला "भ्या कशाचं वाटतं?" असं विचारणारं कुणी नव्हतं. आपल्या ओट्यावर कोण बसतं आणि कोण बसत नाही, हे आपण बघायला हवं. कोपीतली बाई बसत नाही. परप्रांतातली बाई भाषेमुळे लांब उभी राहते. वेगळ्या वस्तीतल्या बाईला आपण बोलावतो, पण ओट्यावर बस म्हणताना अजून काहीजणी अडखळतात. जातीबद्दल इथं न बोलता पुढं जाता येणार नाही.

आता बापांबद्दल थोडं. 'पालक' शब्दात आई-बाप दोघं येतात. शाळेच्या पालकसभेला मात्र आई येते, आणि शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष निवडायचा असला की बाप येतो. शिक्षणहक्क कायद्यानं, २००९ च्या, या समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात असं सांगितलंय. सह्या बायांच्या असतात, बोलतं कोण ते तुम्हाला माहीत आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत दिसलं, की १०० स्त्रियांमागं ८१ जणी रोज घरचं बिनपगारी काम करतात आणि १०० पुरुषांमागं २६ जण. काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. बाईची मिनिटं २८९ झाली आणि पुरुषाची ८८. पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली आणि त्यांचीही नऊ वाचली.

तरी मी निराश नाही. रांजणगावच्या चाळींत नवरा-बायको वेगवेगळ्या पाळीला असले की पुरुष भात लावतो, पोरीची वेणी घालतो, लंगोट धुतो. एका तरुण बापानं मला फार छान वेणी घालून दाखवली आणि वर म्हणाला, "ताई, गावाकडं कुणाला सांगू नका." त्याला येतं, तो करतो, पण बोलत नाही. बाया एकमेकींना सांगतात तसं हे पुरुष एकमेकांना सांगत नाहीत. हे बोलणं सुरू करून देणं हेही आपलं काम आहे. गटाच्या वर्षातल्या एका बैठकीला बापांना बोलवा. भाषण ऐकायला नको. पोराला ताप आला तेव्हा तुम्ही काय केलंत, एवढं विचारायला.

शेवटचा सल्ला सगळ्यांत जुना आहे. "सांभाळून घे." दौंडमधल्या एका वसाहतीत एका बाईनं सहा वर्षं हा सल्ला ऐकला. आईकडून, जावेकडून, शेजारणीकडून. प्रत्येकीनं मायेनं सांगितला, आणि प्रत्येकीनं स्वतः तेच केलेलं होतं. हात मोडला तेव्हा दवाखान्यात "पाय घसरला" असं सांग, हेही मायेनंच सांगितलं गेलं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००६ पासून लागू आहे. मारहाण, उपाशी ठेवणं, घराबाहेर काढणं, पैसे काढून घेणं, टोचून बोलणं हे सगळं त्यात येतं. बाईला राहत्या घरातून काढता येत नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, १८१ वर फोन करता येतो. हे पाठ असणारी एक शेजारीण तिला भेटली तेव्हा तिनं फक्त एवढंच म्हटलं, "तू ठरव. मी तुझ्याबरोबर येते." ती बाई आज वेगळी राहते. दिवस सोपे नाहीत, भाडं जड जातं. पण पोरं रात्री झोपतात असं ती म्हणते.

तेव्हा गावाकडे गेल्यावर काही गोष्टी करून बघा. बैठक संपल्यावर दारात जे बोलणं होतं त्याला बैठकीतच वेळ द्या. बचतीच्या वहीत मागच्या बाजूला एक पान त्यासाठी ठेवा. काय विचारलं, काय सांगितलं, पुढं काय झालं; नाव लिहू नका. तीन महिन्यांतून एकदा ते पान घेऊन आशाताई आणि नर्सबाईंबरोबर बसा. चुकीचं असेल ते तिथंच सुधारेल, आणि आपल्याला येतं ते त्यांनाही कळेल. कुणी सल्ला दिला, की चार प्रश्न विचारायची सवय लावा. हे काम करणार कोण? पैसे कुणाचे जाणार? याला जबाबदार असलेलं आणखी कुणी आहे का – नवरा, सरपंच, मुकादम, कारखाना, सरकार? आणि हे चुकलं तर भोगणार कोण? चारही प्रश्नांचं उत्तर "तीच" असं आलं, तर तो सल्ला अपुरा आहे असं समजा आणि पुढं बोला. ज्या बाईला हप्ता जमत नाही, तिला बोलण्याच्या वेळेला तरी बोलवा. ऊसतोडीच्या दिवसांत एक बैठक कोप्यांवर घ्या.

आणि कुणी अडचण घेऊन आली, की उत्तर द्यायची घाई करू नका. त्या म्हाताऱ्या बाईनं विचारलं तसं आधी विचारा, "भ्या नेमकं कशाचं वाटतं?" पहिल्या उत्तरावर थांबू नका.

आता जेवणाआधी अर्धा तास आहे. आपण गटागटांनी बसू. प्रत्येकीनं आपल्याला मिळालेला एक सल्ला सांगायचा, ज्यानं काम हलकं झालं. आणि एक, ज्यानं वाढलं. पहिल्या गटात मी बसते.